दहा टाळ्यांचा शब्द

मी १९८६ च्या दहावीच्या बॅचचा. शाळेबद्दल लिहायचं म्हटलं की मला आधी एक शब्दच आठवतो, अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियन.

आमच्या रामबागेतल्या घरात मराठी, बाहेर पाय ठेवला की हिंदी, त्यामुळे मी इस्कूल, इस्टेशन, इस्टूल असंच बोलायचो. आठवीत एका स्पर्धेत स्टेजवर तसं बोललो आणि अख्खा हॉल हसला, तेव्हापासून इंग्लिशच्या तासाला मी तोंडच उघडेना.

सरांच्या ते लक्षात आलं असणार. एक दिवस त्यांनी फळ्यावर हा २५ अक्षरांचा शब्द लिहिला, म्हणाले घाबरू नका रे, संस्कृतच्या तासाला संधी सोडवता ना, तसाच सोडवायचा. गाभा एस्टॅब्लिश, म्हणजे स्थापन करणं, इथे चर्चला सरकारी धर्म म्हणून मान्यता देणं. आधी डिस लागला आणि शेवटी मेंट, की ती मान्यता काढून घेणं. त्याच्याही आधी अँटी, म्हणजे काढून घ्यायला विरोध, आणि एरियन म्हणजे त्या मताचा. आयर्लंडमधल्या चर्चची मान्यता काढायचा कायदा ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या सरकारने १८६९ मध्ये केला, वेल्समधली १९२० मध्ये गेली, इंग्लंडमध्ये मात्र अजून आहे, तिथले २६ बिशप, म्हणजे चर्चचे मोठे धर्मगुरू, ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स या वरच्या सभागृहात बसतात.

मग टाळ्या. अॅन, टि, डिस, इस, टॅब, लिश, मेन, टे, रि, अन. दहा. टे वर सगळ्यात जोरात, टॅब वर त्याहून जरा कमी, बाकीच्या हलक्या. बाजूच्या वर्गातले डोकावून गेले.

आणि सरांनी मला उठवलं, चौथी टाळी कुठली? मी हळूच म्हटलं, इस. सर म्हणाले बघा, लॅटिनमध्ये हा शब्द स्ट पासून सुरू व्हायचा, स्टॅबिलिरे, जुन्या फ्रेंच बोलणाऱ्यांनी त्याच्या पुढे ए लावला, एस्टॅब्लिर, तोच इंग्लिशमध्ये आला, म्हणजे हा इस्टेशनला जे करतो तेच त्यांनी केलं, आणि आपला स्था, स्थापना, तोही ह्याच मुळातला. मला अजून ते वाक्य जसंच्या तसं ऐकू येतं. लॅटिन, फ्रेंच, संस्कृत आणि मी, सगळे एका फळ्यावर!

दुसऱ्या दिवशी सरांनी धडा वाचायला मलाच उभं केलं. पहिल्याच ओळीत मी इस्टोरी म्हणालो, कोणी हसलं नाही.