आंबोलीच्या रानातला आवाज आणि आमचं रेडिओचं दुकान

आमचं रेडिओदुरुस्तीचं दुकान मुंबईत लॅमिंग्टन रोडला लागून असलेल्या गल्लीत आहे, १९७४ पासून. पण वाटचाल सांगायची तर बांद्यापासून सांगावी लागते. मुंबईचं वांद्रे नव्हे, सावंतवाडीच्या पुढचा बांदा. तिथून गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर, आणि माझे बाबा लहान होते तेव्हा ती परदेशाची हद्द होती.

१५ ऑगस्ट १९५५ ला हद्दीवरच्या पत्रादेवीला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. बाबा तेव्हा बारा वर्षांचे. परत आणलेले जखमी त्यांनी डोळ्यांनी पाहिले. मग सीमा बंद झाली. बाबांची आत्या गोव्यातल्या पेडण्याला दिलेली. चालत गाठता येईल एवढ्या अंतरावरची, पण तिची खुशालीही कळेना.

बाजारातल्या एका किराणा दुकानदाराकडे बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. गावात वीज नव्हती. दुकानाच्या छपरावर तांब्याच्या जाळीची एरियल आणि सेटच्या मागे विटेएवढी बॅटरी. त्या हिवाळ्यात एके दिवशी त्या सेटवर कोकणी आवाज आला. गोव्यातल्या सरकारी रेडिओचा नव्हे, त्याच्या विरुद्ध बोलणारा. नाव सांगितलं, ‘गोंयच्या सोडवणेचो आवाज’, म्हणजे गोव्याच्या मुक्तीचा आवाज. दुकानात साखर घ्यायला आलेली माणसं पुडी हातात धरून तशीच उभी राहिली, असं बाबा सांगायचे.

हे केंद्र २५ नोव्हेंबर १९५५ ला सुरू झालं. १५१० साली याच तारखेला पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा घेतला होता. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघं ते चालवत. लिबियाबाई मुंबईत वाढलेल्या. शहरातलं आयुष्य सोडून त्या रानात जाऊन राहिल्या. कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये बातम्या द्यायच्या, पलीकडच्या सरकारने केलेला खोटा प्रचार ऐकून टिपून घ्यायचा आणि त्याला उत्तर द्यायचं, हा रोजचा क्रम. आधी आंबोलीचं रान, नंतर कर्नाटकातल्या कॅसलरॉकची बाजू. एकूण सहा वर्षं. दादरा-नगर हवेली १९५४ ला मुक्त झाली तेव्हा पोर्तुगीजांकडून हाती आलेल्या बिनतारी संचांतून त्यांचा ट्रान्समीटर तयार झाला होता.

इथे मला दुरुस्तीवाला म्हणून थोडं थांबायचं आहे. निरोप पाठवायच्या संचातून रोजचं भाषण प्रक्षेपित करणं वेगळं काम असतं. आवाज वाहून नेणारा भाग धड लागतो, वीजपुरवठा स्थिर लागतो, तासभर तापलेले व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या सेटांतल्या काचेच्या नळ्या, टिकावे लागतात. त्यात आंबोलीचा पाऊस. चार महिने कपडे वाळत नाहीत तिथे. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीत ओल शिरली की आतल्या आत वीज गळते, कंडेन्सर फुगतात, बँड स्विचवर हिरवट थर चढतो. मुंबईच्या पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या सेटांचं अर्धं दुखणं हेच असतं, आणि माझ्या डोक्यावर छप्पर आहे. त्यांनी रानात हे सांभाळलं. जागा मात्र अचूक निवडली होती. घाटमाथा उंच आणि गोवा खाली पसरलेला. लहान ट्रान्समीटरलाही अशी उंची मिळाली की आवाज पोचतो.

१८ डिसेंबर १९६१ ला भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र निकामी केलं. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज शरण आले. ४५१ वर्षांची सत्ता संपल्याची बातमी सरदेसाई आणि लिबियाबाईंनी विमानातून, गोव्यावर फिरत, लोकांना सांगितली.

आत्या भेटली ती त्यानंतर. तिने सांगितलं की ती मंडळीही दारं लावून, आवाज बारीक करून तेच केंद्र ऐकत होती. म्हणजे सहा वर्षं हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकाच घरातली माणसं एकच आवाज ऐकत बसली होती. बाबा म्हणायचे, त्याच दिवशी ठरलं, आपण रेडिओचंच काम करायचं.

१९६२ मध्ये ते मुंबईला आले. गिरगावात चाळीतल्या खोलीत काकांकडे राहिले आणि ग्रँट रोडच्या एका दुकानात झाडलोट करत शिकले. तिथले उस्ताद गुजराती होते. १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी चालवलेल्या छुप्या काँग्रेस रेडिओबद्दल ते हळू आवाजात सांगत, जणू पोलीस अजून दाराशी आहेत. ४२.३४ मीटरवरचं ते केंद्र २७ ऑगस्टला सुरू झालं आणि १२ नोव्हेंबरला पकडलं गेलं, तोवर जागा बदलत राहिलं. बाबांना ते ऐकून वाटायचं, आपण योग्य गल्लीत आलो आहोत.

सुरुवातीची गिऱ्हाइकं धोबीतलावाच्या कुडांमधली, म्हणजे गोवेकरांच्या मुक्कामाच्या जागांमधली. गोव्याचे खलाशी बोटीवरून उतरले की कुडात मुक्काम करत. परदेशातून आणलेला ग्रुंडिग किंवा फिलिप्स रेडिओ बिघडला की आमच्याकडे. बाबांची मालवणी आणि त्यांची कोकणी यांत अंतर फारसं नव्हतं. त्यातल्या काहींनी तो आवाज गोव्यात ऐकलेला. सेट उघडा पडलेला असायचा आणि गप्पा आंबोलीच्या. बाबांनी त्या लोकांकडून मजुरी कमी घेतली, हे आईला आवडायचं नाही.

स्वतःचा गाळा १९७४ मध्ये पागडीवर घेतला. ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर, टीव्ही, केबलचे बूस्टर, जे येईल ते केलं, कारण घर चालवायचं होतं. त्या वीस वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. १९९६ पासून मी बसू लागलो. एका घाऊक व्यापाऱ्याने नवे म्हणून जुनेच कंडेन्सर गळ्यात मारले आणि अकरा सेट एका महिन्यात परत आले. सगळे फुकट दुरुस्त करून दिले. तेव्हापासून प्रत्येक कंडेन्सर मी मीटरवर तपासूनच लावतो.

२६ जुलै २००५ ला कुर्ल्याच्या गोदामात छातीभर पाणी होतं. व्हॉल्व्ह वाचले. काच बंद असते, धुऊन पुसून वाळवले आणि बहुतेक सगळे चालले. ट्रान्सफॉर्मर सगळे गेले. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर बाबांच्या अक्षरातले नंबर होते, ईएल ८४, ईसीएच ८१, ईएफ ८९. ते धुऊन गेले, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर आम्ही फक्त जुन्या व्हॉल्व्ह सेटांचं काम घ्यायचं ठरवलं. लोक आजोबांचा मर्फी घेऊन येतात आणि म्हणतात, आत ब्लूटूथ बसवा. मी बसवतो, पण सेटच्या पिकअप सॉकेटमधून, म्हणजे रेकॉर्डप्लेअर जोडायच्या मूळच्या जागेतून. चासीला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला, भोक पाडत नाही आणि एकही मूळ तार कापत नाही. आधी रेडिओ रेडिओ म्हणून वाजला पाहिजे, हा आमचा नियम आहे. काही गिऱ्हाइकं त्यामुळे जातात. जाऊ देत.

२००९ मध्ये बाबांना आंबोलीला नेलं. तोवर त्यांना कळलं होतं की लहानपणीचा तो आवाज घरापासून चाळीसेक किलोमीटरवरून येत होता. सगळ्या बांद्याला तो दूर कुठून तरी येतोय असं वाटायचं. केंद्र नेमकं कुठे होतं ते दाखवणारं कोणी भेटलं नाही. बाबा धुक्यात झाडांकडे बघत उभे राहिले आणि मग म्हणाले, “एरियल ह्या दोघांच्या मधी बांधली असतली. उंची बरी आसा.” दोन झाडांमधलं अंतर त्यांनी पावलांनी मोजलं आणि वहीत लिहून घेतलं.

२०२५ च्या जानेवारीत लिबियाबाईंना पद्मश्री जाहीर झाली, वयाच्या शंभराव्या वर्षी. बाबा तेव्हा नव्हते. मी ती वही काढून मुलीला ते पान दाखवलं. ती आता शनिवारी दुकानात येते, डायलची दोरी बदलायला शिकली आहे. सध्या तिच्यासमोर धोबीतलावच्या एका कुडातला ग्रुंडिग आहे. त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी आम्ही दोघं मिळून हाताने भरतोय.