सुरूच होत नाही!

"कॉम्प्युटर सुरू होत नाही" हे सांगणाऱ्याला पुढचे प्रश्न आवडत नाहीत. पंखा फिरतो का? पडदा काळा राहतो की निळा होतो? बीप वाजते का? "अहो, सुरूच होत नाही म्हटलं ना!" आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका असेच करवादले. महिना सप्टेंबरचा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० तारखेच्या आत घ्यायची आणि ऑडिटचे कागद, थकबाकीदारांची यादी, सगळं त्या एका जुन्या डब्यात. बॅकअप? "पेनड्राइव्हवर घेतलाय की. पेनड्राइव्ह कुठाय ते हिला विचारतो."

पंखा फिरत होता, पडदा मात्र काळा ठिक्कर आणि वर लांबलचक बीप. म्हणजे पहिला संशय रॅमवर, कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मृतीवर. यावरचा इलाज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारापासून तालुक्याच्या बाजारापर्यंत एकच, खोडरबर! वायर काढायची, डब्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवायची, मग दोन्ही बाजूंचे खटके दाबून रॅमची पट्टी उचलायची. तिच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते. पावसाळी दमटपणात त्यावर डोळ्यांना न दिसणारा थर बसतो. मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं, कण झटकायचे, पट्टी 'टक' आवाज येईपर्यंत परत बसवायची. सोन्याचा मुलामा झिजतो म्हणून जाणकार यावर नाक मुरडतात. मुरडोत बापडे, पडदा उजळला!

पण विंडोज काही येईना. गोल गोल फिरणारे ठिपके तेवढे दिसत राहिले आणि हार्ड डिस्क मधूनच कट्‌कट् करू लागली. हा आवाज चांगला नाही. अशा वेळी डिस्क दुरुस्त करायच्या फंदात पडू नये, जीव आहे तोवर माल बाहेर काढावा. उबुंटू म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केलं. काही इन्स्टॉल न करता सगळे फोल्डर समोर हजर. काका दचकले. "पासवर्ड नाही विचारला?" पासवर्ड विंडोजच्या दारावर होता, डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे आतला माल सांकेतिक करून कुलपात ठेवलेली, नव्हती.

"आधी काय घेऊ?" अपेक्षित उत्तर ऑडिट. काकांनी आवाज खाली आणला, "डेस्कटॉपवर 'नवीन फोल्डर (३)' आहे बघा."

त्यातली एक फाइल उघडली तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता खच. "व्हायरस!" काका म्हणाले. व्हायरस कसला, श्रीलिपी, मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधीच्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट नसेल तर फाइल शाबूत असूनही वाचता येत नाही. तेव्हा विंडोजचा फॉन्टांचा फोल्डरही उचलला. फाइली वाचवताना तो हटकून विसरला जातो.

माझ्या लॅपटॉपवर फॉन्ट चढवले आणि मजकूर उमटला. थकबाकीदारांना लिहिलेली, कधीच न पाठवलेली जळजळीत पत्रं! सर्वांत तिखट पत्र तिसऱ्या मजल्यावरच्यांना. आणि कॉपी करायला आणलेली एक्स्टर्नल डिस्क नेमकी त्यांचीच.

"परत द्यायच्या आधी हे त्यातून पुसा हं," काका कुजबुजले.

पुसलं. पुसलेलंही बऱ्याचदा परत काढता येतं, हे मात्र त्या दिवशी मी त्यांच्या कानावर घातलं नाही.