कुकर गार होईपर्यंत

मागच्या वर्षी नवरात्राच्या आधीच्या रविवारी मी माळा आवरायला काढला. कोथरूडच्या या घरात माझा संसार सव्वीस वर्षांचा, आणि त्याच्या आधीचा सासूबाईंचा. म्हणजे माळ्यावर दोन संसार एकावर एक रचलेले होते. सकाळी नऊला शिडी लावली, दुपारपर्यंत सगळे सामान बाहेरच्या खोलीत उतरले, आणि मग एकेक वस्तू हातात घेऊन ‘ठेवू की काढू’ असे म्हणता म्हणता दिवेलागण झाली. रात्री माणसांना पाठ टेकायला जागा हवी, म्हणून सगळे होते त्याहून वाईट रीतीने पुन्हा वर कोंबले. दिवसभराच्या खटपटीतून घराबाहेर गेली ती फक्त एक फुटकी कुंडी, आणि यजमानांची कंबर आठवडाभर धरली ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी लक्षात आले की माझे हातपाय तितकेसे दमलेले नव्हते, दमले होते ते डोके. डबा खाली उतरवायला मिनिटभर लागते. त्यातल्या चाळीस वस्तूंचे काय करायचे ते ठरवायला चाळीस वेळा मन घट्ट करावे लागते. शिवाय माळ्यावर जाते कोण? ज्यांच्याबद्दल आपल्याला पूर्वी कधीच काही ठरवता आले नाही, त्याच वस्तू. आवरायला सुरुवात करण्यासाठी घरातली सर्वांत अवघड जागा मी निवडली होती.

मग मी कुकरची वेळ धरली. सकाळी वरण-भाताचा कुकर चढवल्यापासून तो गार होऊन झाकण निघेपर्यंत आमच्याकडे पंचवीसेक मिनिटे जातात. तेवढ्या वेळात एकच बंदिस्त जागा घ्यायची, म्हणजे एक खण, एक डबा किंवा फडताळाचा एकच कप्पा, आणि झाकण निघेपर्यंत परत लावून होणार नाही इतके काही बाहेर काढायचेच नाही. कुकर उघडला की काम बंद, मग कितीही हुरूप आलेला असो. हा दुसरा नियम पहिल्यापेक्षा कठीण आहे, कारण हुरूप आला की माणूस शिडी शोधू लागतो.

आरंभ केला औषधांच्या डब्यापासून. तिथे मन घट्ट करावे लागत नाही. मुदत पाकिटावर छापलेलीच असते. २०१९ साली मुदत संपलेल्या तापाच्या गोळ्या आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या तीन फोडलेल्या बाटल्या निघाल्या. असे थेंब एकदा फोडले की बहुधा महिनाभरातच वापरायचे असतात, हे त्याच खोक्यावर लिहिलेले मी इतकी वर्षे वाचले नव्हते. पुढे श्रीखंडाचे रिकामे डबे घेतले. डबे तेवीस, झाकणे चौदा, आणि एकमेकांना नीट बसतील अशा जोड्या नऊ! त्या नऊ ठेवल्या. बाकीचे जाताना मला काहीच वाटले नाही, आणि तसे वाटू नये म्हणूनच आठवणी नसलेल्या वस्तूंना पहिला मान दिला होता.

कपड्यांच्या बाबतीत मात्र मी फसले. बोहारीण आली, तिने प्रत्येक साडी उन्हात धरून विरलेली जागा अचूक शोधली, ‘अजून दोन फुलपॅन्ट द्या, ताई, मग हे मोठे पातेले देते’ असे म्हणत मला पुरते गुंडाळले, आणि ती गेल्यावर माझ्या ध्यानात आले की कपाटातली अडगळ आता ओट्यावर येऊन बसली आहे. पातेली आमच्याकडे आधीच सहा होती. सासूबाईंची पाच मऊ सुती लुगडी मी तिला दाखवलीच नव्हती. ती गोधडीसाठी ठेवली आणि या डिसेंबरात गोधडी शिवूनही आणली. शिवणार असाल तरच ठेवा, असे मी म्हणेन, कारण ‘कधीतरी गोधडी करू’ या नावाखाली घरोघरी गाठोडी पडून असतात.

निघणाऱ्या वस्तूंइतकेच येणाऱ्या वस्तूंकडेही पाहावे लागते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला जाऊन आले की वाणाच्या प्लास्टिकच्या डब्या, गाळण्या आणि ओटीचे ब्लाउजपीस घरात साठतात, ज्यांतून कुणीही कधी ब्लाउज शिवत नाही; ते नुसते एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतात. यंदा मी वाण म्हणून पाव पाव किलो गूळ दिला. तो महिन्याभरात संपतो.

जुने मोबाइल, चार्जर आणि तारांची भेंडोळी भंगारवाल्याच्या तागडीत टाकू नयेत. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि तो कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रांकडेच जावा अशी त्यांत अपेक्षा आहे. मी आमच्या सोसायटीच्या संकलनाच्या दिवशी पिशवी नेऊन दिली. यजमानांच्या हत्यारांच्या पेटीला मात्र हात लावला नाही. दुसऱ्याच्या वस्तूंचा निकाल आपण लावला की घरात पसाऱ्यापेक्षा मोठा प्रश्न उभा राहतो.

दिवाळी अंकांची परंपरा १९०९ सालच्या ‘मनोरंजन’पासून चालत आली आहे खरी, पण ती सगळी आमच्याच माळ्यावर जपली पाहिजे असे नाही. गेल्या दोन वर्षांचे अंक वाचनालयाने आनंदाने घेतले, त्याआधीचे रद्दीत गेले.

माळ्याची पाळी आली ती आठव्या महिन्यात, आणि तीही दर रविवारी एकच खोके उतरवून. तिसऱ्या खोक्यात रबरबँड लावलेली कालनिर्णयची भेंडोळी होती. हात लावताच रबर तुटून पडले. सासूबाई रोजच्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहीत. १९९८ सालच्या मे महिन्यात सगळीकडे ‘१’ आणि मधल्या चार चौकोनांत ‘३’ होते: आमच्या लग्नाचे दिवस, घरात पाहुणे. कुकर त्या दिवशी गार होऊन बराच वेळ तसाच राहिला. ते एक पान मी औषधांच्या डब्यात रिकाम्या झालेल्या जागी घडी करून ठेवले आहे, बाकीची भेंडोळी रद्दीवाल्याने तागडीवर घातली.