गाडीतली नर्स त्याला 'अहो' म्हणाली

मागच्या मंगळवारी माझी बस चुकली म्हणून हे लिहितेय. नाहीतर इथे पोर्तुगालमध्ये, लिस्बनला, सहा वर्षं मी त्या पांढऱ्या गाडीसमोरून रोज जातेच आहे.

आमच्या बसस्टॉपच्या थोडं पुढे पुलाखाली सकाळी एक व्हॅन येऊन उभी राहते, ठरलेल्या वेळेला, रविवार असो की सण. सुरुवातीचे कित्येक महिने मला वाटायचं रक्तदानाची गाडी असेल. मग ऑफिसमधल्या एकीने सांगितलं की ती मेथाडोनची गाडी आहे, हेरॉइनचं व्यसन असलेल्यांना हेरॉइनऐवजी घ्यायच्या या औषधाचा रोजचा डोस देते. तेव्हापासून खरं सांगायचं तर मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जायला लागले होते. पर्स पुढे घ्यायची, मोबाईल आत टाकायचा. आपली सवय.

मंगळवारी धो धो पाऊस, छत्री घरी, पुढची बस वीस मिनिटांनी, मग पुलाखाली जाऊन उभी राहिले, रांगेपासून चार हातांवर. दहा-बारा लोक होते. माझ्या समोर एक आजोबा, पासष्टच्या आसपासचे, शर्ट इस्त्रीचा, बुटांना नाड्या नाहीत. त्यांचा नंबर आला तशी खिडकीतली नर्स म्हणाली, "बों दिया! ओ सेन्योर दोर्मिउ बैं?" म्हणजे झोप नीट लागली का तुम्हाला? मग तिने छोट्या प्लास्टिकच्या कपात औषध ओतून दिलं. आजोबांनी ते तिथेच प्यायलं, कप पुढे केला, तिने त्यात थोडं पाणी ओतलं, त्यांनी कप गोल फिरवून तेही प्यायलं, अगदी आपल्याकडे आजी काढ्याची वाटी विसळून पाजायची ना तसं. मग त्यांनीच नर्सला विचारलं, गुडघा कसा आहे आता? ती म्हणाली पावसात दुखतो हो. एवढंच. आजोबा कॉलर वर करून पावसात निघून गेले.

मला तिथे उभ्या उभ्या रडू आलं आणि ते का आलं हे कळायला बस येईपर्यंतचा सगळा वेळ लागला.

पोर्तुगीजमध्ये 'तू'ला 'तू'च म्हणतात, माहितीये? अगदी आपल्यासारखं. मित्र, भावंडं, लहान मुलं, सगळे तू. आणि मान द्यायचा असेल तर 'ओ सेन्योर', म्हणजे आपलं अहो-जाहो. मला ही भाषा शिकताना हे एकच पटकन जमलं, कारण कुणाला तू आणि कुणाला तुम्ही हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणूनच ते वाक्य माझ्या कानाला असं लागलं. गर्द, म्हणजे हेरॉइनच, घेणाऱ्या माणसाला कुणी 'अहो' म्हणालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

माझा मावसभाऊ होता. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो, माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठा, मला सायकल त्यानेच शिकवली. मुंबईला नोकरीला गेला आणि गर्दच्या नादाला लागला. परत आला तेव्हा तो घरात 'दादा' होता पण गल्लीत 'तो गर्दुल्ला' झाला होता. पोलीस अरे-तुरे, डॉक्टर अरे-तुरे, रिक्षावाला अरे-तुरे, त्याच्याहून लहान पोरंसुद्धा 'ए गर्दुल्ल्या'. त्याला टर्की लागायची तेव्हा (नशा न मिळाल्यावर अंगात जे होतं त्याला हे लोक टर्की म्हणतात, हाडं मोडल्यासारखी दुखतात, नाक वाहतं, जुलाब होतात) मावशी खोलीला बाहेरून कडी घालायची आणि शेजाऱ्यांना सांगायची पोटाचा त्रास आहे. एकदा तो आमच्याकडे आला, आई-बाबा घरी नव्हते, दाराबाहेरूनच दोनशे रुपये मागत होता. मी दार उघडलं नाही. बारावीत होते, घरात एकटी, मला तसंच सांगून ठेवलेलं होतं, दुसरी कुठली मुलगीही तेच करती. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता पाठ झालंय.

दादा २००२ साली गेला. मृत्यूच्या दाखल्यावर कावीळ लिहिलंय. कावीळ होतीच, खोटं नाही ते. पण ती सुईतून आली हे कुठल्याच कागदावर नाही.

आता इथलं सांगते. लिस्बनमध्ये नदीकाठी, काइश दो सोद्रे स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, युरोपियन युनियनची ड्रग्जचा अभ्यास करणारी संस्था आहे, १९९५ पासून. आधी लांबलचक नाव होतं, जुलै २०२४ मध्ये नाव बदललं आणि अधिकारही वाढले, आता सरळ युरोपियन युनियन ड्रग्ज एजन्सी. मी लंचटाइमला त्या बाजूला फिरायला जाते, कितीदा त्या इमारतीच्या सावलीत बसून डबा खाल्लाय, पण आत काय चालतं ते मंगळवारनंतर पहिल्यांदा वाचायला बसले आणि दोन रात्री जागले.

ही माणसं मोजतात. हेच त्यांचं काम. कोण काय घेतं, उपचाराला किती आले, त्यातले पहिल्यांदा आलेले किती, सुईमुळे एचआयव्ही आणि कावीळ किती जणांना झाली, मेले किती. आणि प्रत्येक देशाने आपापल्या पद्धतीने मोजलं तर तुलनाच होणार नाही म्हणून 'ड्रग्जमुळे झालेला मृत्यू' कशाला म्हणायचं याचीसुद्धा एक ठरलेली व्याख्या. २०२३ मध्ये युनियनमध्ये असे सुमारे ७,५०० मृत्यू धरलेत, बहुतेकांत हेरॉइनसारखं काहीतरी, आणि तेही दुसऱ्या कशात तरी मिसळलेलं. हा आकडाही कमीच असणार असं ते स्वतःच म्हणतात. मला ते वाचून कसंसंच झालं, त्यांना आपले मेलेले कमी मोजले गेल्याची काळजी आहे आणि आम्ही घरातला एक लपवून ठेवला.

गटाराचं पाणीसुद्धा तपासतात हो. शहराच्या सांडपाण्याच्या केंद्रात आठवडाभर, रोज चोवीस तासांचं पाणी थोडं थोडं गोळा करायचं, आणि कोकेन शरीरात गेल्यावर त्याचं जे बनतं आणि लघवीतून बाहेर पडतं ते त्यात किती आहे बघायचं. २००५ मध्ये इटलीत मिलानच्या संशोधकांनी पो नदीत हे करून दाखवलं, २०११ ला १९ शहरं होती, आता शंभरच्या वर आहेत, लिस्बनही त्यात आहे. कोकेन शनिवार-रविवारी वाढतं म्हणजे पार्टीवाले, एखादं ड्रग सातही दिवस सारखं दिसलं म्हणजे तिथे रोज घेणारे आहेत, इतकं त्या पाण्यावरून कळतं. कुणाचं नाव नाही, कुणाच्या दारावर पोलीस नाही. आणि शाळेतल्या १५-१६ वर्षांच्या मुलांना दर चार वर्षांनी प्रश्नावली देतात, त्यात मुलं फुशारकी मारतायत का हे बघायला अस्तित्वातच नसलेल्या ड्रगचं एक नाव घालून ठेवलेलं असतं. मला ही युक्ती फार आवडली.

मावशींपासून कॉलेजच्या ग्रुपपर्यंत सगळे मला विचारतात की तिकडे ड्रग्ज लीगल आहेत ना? नाहीत. एकदा नीट लिहूनच टाकते. १ जुलै २००१ पासून पोर्तुगालमध्ये स्वतःपुरतं ड्रग जवळ असणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही, एवढंच. स्वतःपुरतं म्हणजे साधारण दहा दिवसांचं, हेरॉइन असेल तर एक ग्रॅम. विकणं गुन्हा आहेच, तुरुंग आहेच. पकडलं तर माल जप्त होतो आणि त्या माणसाला तीन जणांच्या समितीपुढे जावं लागतं, एक कायद्याचा माणूस आणि बाकी डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समाजसेविका असे. व्यसन आहे असं दिसलं तर उपचाराकडे वळवतात, नसेल तर समज देतात, क्वचित दंड. हे करणारे पंतप्रधान कोण, तर अंतोनियो गुतेरेस, पुढे युनोचे सरचिटणीस झाले तेच. त्यांनी १९९८ मध्ये नऊ जणांची समिती नेमली, त्यात ज्वाओ गुलाऊ नावाचे दक्षिणेकडचे एक साधे फॅमिली डॉक्टर होते, तेच पुढे कितीतरी वर्षं या सगळ्याचे प्रमुख होते.

आणि हे उदार मनाने केलं असंही नाही, तेव्हा पोर्तुगालच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं. शंभरातला एक जण हेरॉइनवर, असा अंदाज होता. श्रीमंत, गरीब, प्रत्येक कुटुंबात कुणीतरी. लिस्बनमधल्या आल्कांतारा भागाच्या वरच्या टेकडीवर कासाल व्हेन्तोझो नावाची वस्ती होती, रोज हजारो लोक तिथे माल घ्यायला जायचे, उघड्यावर टोचून घ्यायचे. आमच्या बिल्डिंगमधल्या आजी सांगतात, आम्ही मुलांच्या बाह्या वर करून बघायचो. सुईतून एचआयव्ही होणारे तेव्हा वर्षाला हजारच्या घरात असायचे, तो आकडा पुढे दोन आकड्यांवर आला. हे नुसत्या कायद्याने झालं नाही. कायद्याबरोबर मेथाडोन आलं, स्वच्छ सुया आल्या, त्या गाड्या आल्या. आमच्या पुलाखालच्या गाडीत कपाबरोबर कुणाला टीबीची गोळीही समोरच देतात, मी पाहिलं, कारण रोज डोसला येणारा माणूस दुसरं औषधही चुकवत नाही.

युरोप म्हणजे सगळं असंच, असं मात्र समजू नका. स्वीडनमध्ये ड्रग नुसतं घेणंही १९८८ पासून गुन्हा आहे. आणि स्वित्झर्लंड, आपले लोक जिथे फोटो काढायला जातात, तिथे झुरिकमधल्या प्लात्सश्पित्स बागेत उघड्यावर टोचणाऱ्यांची एवढी गर्दी झाली की १९९२ मध्ये बाग बंद करावी लागली, आणि मग १९९४ पासून अगदी बरे न होणाऱ्यांना डॉक्टरच्या देखरेखीखाली चक्क हेरॉइनच देतात, २००८ ला ६८ टक्के लोकांनी मत देऊन ते कायम केलं.

आता कुणीतरी कमेंट करणारच, की बसलीस का तिकडे जाऊन देशाला नावं ठेवत. नाही ठेवत. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी केलं, पु.ल. आणि सुनीताबाई मागे उभे राहिले, इथला कायदा यायच्या पंधरा वर्षं आधी. व्यसनी माणसाशी माणसासारखं बोलायला त्यांना कुठल्या युरोपने शिकवलं नव्हतं. आपल्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातही ६४-अ कलम आहे, स्वतःहून उपचार घेणाऱ्याला खटल्यातून सूट मिळू शकते, दादाच्या वेळी हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं, आजही किती जणांना माहीत असेल? मोजलंही आहे आपण, एम्सने २०१९ मध्ये देशभराचा अहवाल दिला, अफूपासूनची द्रव्यं घेणारे सव्वादोन कोटी. सव्वादोन कोटी! हा अख्खा पोर्तुगाल एक कोटीचा. एक कोटींसाठी गाड्या फिरवणं आणि आपल्याकडे फिरवणं यात फरक आहे, हे इथल्या लोकांना मीच सांगत असते.

आणि इथेही सगळं छान चाललेलं नाही. २०१२ च्या मंदीत ही व्यसनमुक्तीची सरकारी यंत्रणा तोडून वाटून टाकली, पैसे कापले, त्यानंतर घडी विस्कटली असं त्यातलेच लोक म्हणतात. रस्त्यावर क्रॅक (कोकेनचे खडे) ओढणारे मला संध्याकाळी दिसतात. जुन्या बाजारपेठेत तर पर्यटकांना हशीश म्हणून दाबलेलं तमालपत्र विकतात, ड्रगच नाही तर पोलीस पकडणार कशात! माझी लेक सातवीत आहे, मला भीती वाटतेच, ती काही कमी झालेली नाही.

पण बुधवारी, गुरुवारी मी मुद्दाम लवकर निघाले. आजोबा दोन्ही दिवस आले होते. गुरुवारी नाड्या बांधलेल्या होत्या.

शनिवारी मावशीला फोन केला. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, ऐकू कमी येतं, स्पीकरवर मोठ्याने बोलावं लागतं. मी तिला गाडीचं सांगितलं, कपाचं सांगितलं, विसळून प्यायल्याचं सांगितलं. तिने विचारलं, "रोज देतात?" म्हटलं रोज. "पैसे?" नाही. "आणि ओरडत नाही कुणी?" म्हटलं नाही गं, अहो-जाहो करतात, झोप लागली का विचारतात. मग बराच वेळ ती काही बोललीच नाही, मला वाटलं फोन कट झाला.

मी विचारलं, मावशी, लिहू का मी हे? दादाचंही?

"लिही. नाव नको घालूस, पण लिही. आणि कावीळ-कावीळ नको लिहूस, काय होतं ते लिही." मग थांबून म्हणाली, "चौतिसचा होता गं तो. पस्तिसावं लागायला अकरा दिवस होते. तेवढं नीट लिही."