दोघांसाठी ‘एल ग्रांदे’च्या तोडीचा खेळ शोधताना

‘एल ग्रांदे’ हा माझा सर्वांत आवडता बोर्ड गेम आहे. वोल्फगांग क्रामर आणि रिचर्ड उलरिख या जोडीने रचलेला हा खेळ १९९५ साली आला, पुढच्याच वर्षी त्याला जर्मनीतला ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार मिळाला आणि ‘एरिया मेजॉरिटी’, म्हणजे पटावरच्या प्रदेशांत बहुमत मिळवण्याच्या, प्रकारातल्या नव्या खेळांची तुलना आजही त्याच्याशीच होते. स्पेनच्या नकाशावरील प्रांतांत आपापले सरदार, म्हणजे लाकडी ठोकळे, उतरवायचे आणि तिसऱ्या, सहाव्या व नवव्या फेरीनंतर ज्या प्रांतात ज्याचे ठोकळे जास्त, त्याने तिथले सर्वाधिक गुण घ्यायचे, एवढाच त्याचा गाभा आहे. आमचा खेळणाऱ्यांचा गट पांगला, नियमित खेळायला मी आणि माझा नवरा असे दोघेच उरलो आणि मग एक अडचण ठळकपणे जाणवू लागली. खोक्यावर दोन ते पाच खेळाडू असे छापलेले असले, तरी दोघांच्या डावात या खेळाची रंगत ओसरते. म्हणून मूळचाच दोघांसाठी बेतलेला, किंवा निदान दोघांत तितकाच रंगणारा, बहुमताचा खेळ शोधायचे आम्ही ठरवले.

शोधाला लागण्याआधी एका प्रश्नावर आम्ही बराच विचार केला: आपल्याला ‘एल ग्रांदे’तले नेमके काय आवडते? ठोकळे मोजून गुण घेणे तर कितीतरी खेळांत असते. माझ्या मते त्याची खरी गोडी रोखून धरण्यात आहे. प्रत्येकाकडे एक ते तेरा अंकांची पाने असतात आणि प्रत्येक पान एकदाच वापरता येते. मोठा अंक टाकला तर आधी खेळायला मिळते, पण हाताशी नवे सरदार कमी येतात. लहान अंक टाकला तर सरदार भरपूर येतात, पण हवी असलेली कृती दुसरा कोणीतरी उचलून नेतो. राजा ज्या प्रांतात उभा असतो तिथे कोणालाच काही हलवता येत नाही आणि नवे सरदार त्याच्या शेजारच्या प्रांतांतच उतरवता येतात. याखेरीज पटाच्या कडेला ‘कास्तियो’ नावाचा उंच बुरूज असतो. त्यात टाकलेले ठोकळे दिसेनासे होतात, कोणी किती टाकले हे लक्षात ठेवावे लागते आणि गुणमोजणीच्या वेळी प्रत्येक जण आपल्या हातातल्या तबकडीवर गुपचूप एक प्रांत निवडून बुरुजातली आपली सगळी फौज तिथे नेतो. तबकड्या एकाच वेळी उलटल्या की पटावरची गणिते क्षणात फिरतात. तो क्षण मला दोघांच्या खेळात हवा होता.

दोघांत हे सारे फिके का पडते, याचे कारण मोजणीत दडलेले आहे. चार-पाच जण असले की एका प्रांतात दोघे भांडत असताना तिसरा दुसरीकडे शांतपणे गुण कमावतो, त्यामुळे कुठे भांडायचे आणि कुठे सोडून द्यायचे याला किंमत येते. शिवाय पुढे गेलेल्याला मागे खेचायला बाकीचे आपोआप एकत्र येतात. दोघांच्या डावात ही दोन्ही बंधने नाहीशी होतात. माझा तोटा तो थेट त्याचा नफा, दुसरा क्रमांक म्हणजे शेवटचाच क्रमांक, आणि एकाने टाकला की दुसऱ्याने एक जास्त टाकायचा अशी नुसती चढाओढ उरते. म्हणून तिसऱ्या खेळाडूचे काम करणारी कोणती योजना खेळात आहे, या एकाच कसोटीवर आम्ही प्रत्येक खेळ पाहू लागलो. बऱ्याच प्रकाशकांच्या नियमपुस्तिका मोफत वाचायला मिळतात, त्याचा इथे फार उपयोग झाला. खोक्यावरील खेळाडूंच्या संख्येपेक्षा नियमपुस्तिकेतील बरोबरीचा नियम आणि गुणमोजणीचे पान खेळाचा स्वभाव जास्त प्रामाणिकपणे सांगतात, असे मी आता खात्रीने म्हणेन.

या कसोटीवर काही चांगले खेळही बाजूला पडले. राइनर क्निझिया यांचा ‘बॅटल लाइन’ उत्तमच आहे, परंतु त्यातील नऊ झेंड्यांपाशी प्रत्येकी तीन पत्त्यांच्या रचना लढतात; तिथे बहुमतापेक्षा पत्त्यांच्या जुळणीला महत्त्व आहे. ग्युंटर कॉर्नेट यांचा १९९८चा ‘काहुना’ मात्र आमच्या शोधाच्या बराच जवळ आला. बारा बेटे, त्यांना जोडणाऱ्या रेषा आणि त्या रेषांवर पत्ते खेळून टाकायचे पूल, असा त्याचा थाट आहे. एखाद्या बेटाच्या निम्म्याहून अधिक रेषांवर आपले पूल झाले की बेट आपले होते आणि प्रतिस्पर्ध्याचे तिथले सगळे पूल उचलले जातात. प्रत्येक पूल दोन बेटांत मोजला जात असल्याने इथला विजय शेजारच्या बेटावरचे त्याचे बहुमतही मोडू शकतो, आणि एका पत्त्याने दोन-तीन बेटे हातची गेलेली आम्ही पाहिली आहेत. तिसऱ्या खेळाडूची जागा इथे भूगोलच भरून काढतो. हव्या त्या बेटाचा पत्ता वेळेवर न आल्यास मात्र हात बांधल्यासारखे होतात आणि ती खंत मला प्रत्येक डावात थोडीफार वाटतेच.

कोता नाकायामा यांचा ‘हानामिकोजी’ पहिल्या नजरेत या रांगेतला वाटत नाही, कारण त्यात नकाशाच नाही. समोर सात गेइशांची पाने मांडलेली असतात आणि त्यांच्या आवडीच्या वस्तूंचे एकूण एकवीस पत्ते असतात. मात्र प्रत्येक गेइशा म्हणजे एक प्रांतच आहे, कारण ज्याच्या वस्तू तिच्यापाशी जास्त, तिचा कौल त्याच्याकडे. प्रत्येक फेरीत प्रत्येकाला चारच कृती करायच्या असतात आणि चारही एकेकदाच: एक पत्ता लपवून ठेवणे, दोन पत्ते बाद करणे, तीन पत्ते मांडून प्रतिस्पर्ध्याला त्यातला एक निवडू देणे, आणि चार पत्त्यांच्या दोन जोड्या करून त्याला एक जोडी उचलू देणे. या शेवटच्या कृतीपाशी आम्ही दोघेही सर्वाधिक वेळ घेतो. पाच मोलाच्या गेइशाचे दोन पत्ते आणि दोन मोलाच्या गेइशांचे दोन पत्ते हातात असतील, तर पाचाचे दोन्ही एका जोडीत ठेवणे म्हणजे ते त्याच्या हाती देणे. दोन जोड्यांत एकेक वाटून टाकले तर तिथे बरोबरी होते, आणि बरोबरी झाल्यास कौल होता तिथेच राहतो. मग आधीच्या फेरीत तो कौल कोणाकडे होता यावर सगळे ठरते. फक्त स्वतःचा फायदा पाहणारी खेळी इथे करताच येत नाही. खेळ पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो, पण जोड्या लावताना होणारी घालमेल मला थेट ‘एल ग्रांदे’च्या अंकांच्या पानांची आठवण देते.

‘एअर, लँड अँड सी’ आणखी लहान आहे. अठराच पत्ते, तीन रणभूमी, प्रत्येकाच्या हाती सहा पत्ते. यातला माघारीचा नियम मला फार मोलाचा वाटला: हार दिसू लागल्यावर वेळीच माघार घेतली तर समोरच्याला कमी गुण मिळतात, त्यामुळे कुठवर झुंजायचे हा निर्णय सतत समोर उभा राहतो. नकाशा हवाच असेल, तर पाओलो मोरी यांचा ‘सीझर!’ पाहावा. सीझर आणि पॉम्पी यांच्या संघर्षावरच्या या खेळात टोकन प्रांतात न ठेवता दोन प्रांतांमधल्या सीमेवर ठेवतात. टोकनावर दोन अंक असतात आणि एक अंक एका प्रांतात, तर दुसरा शेजारच्या प्रांतात मोजला जातो. एखाद्या प्रांताच्या सगळ्या सीमा भरल्या की तो ज्याचे बळ जास्त त्याचा होतो, पण जादा बक्षीस मिळते ते शेवटचे टोकन ठेवून प्रांत बंद करणाऱ्याला, मग प्रांत कोणाचाही होवो. त्यामुळे हरत असलेला प्रांत आपणच बंद करावा का, असा विलक्षण प्रश्न पडतो. एकदा नवरा असाच एक प्रांत माझ्या हाती सोपवून बक्षीस घेऊन गेला आणि म्हणाला, “अगं, तो तसाही तुझाच होता, मी फक्त त्याची किंमत वसूल केली.” त्याला हा खेळ सर्वाधिक आवडतो.

माझी निवड मात्र पीअर सिल्व्हेस्टर यांच्या ‘द किंग इज डेड’वर येऊन थांबली. यात पटावरचे ठोकळे कोणाचेच नसतात. तीन गटांचे रंगीत ठोकळे ब्रिटनच्या आठ प्रदेशांत पसरलेले असतात आणि ज्या प्रदेशात ज्या गटाचे ठोकळे जास्त, तो प्रदेश त्या गटाचा होतो. खेळाडूने करायचे ते इतकेच की शेवटी जो गट वरचढ ठरेल, त्याचे सर्वाधिक अनुयायी आपल्या दरबारी असावेत. त्यासाठी पत्ता खेळल्यावर पटावरचा एक ठोकळा उचलून आपल्याकडे घ्यावा लागतो, आणि नेमक्या याच नियमात खेळाचे सगळे बळ आहे: ज्या गटावर मी भिस्त ठेवते, त्याचाच एक माणूस पटावरून काढून मी त्याला दुबळा करत असते. हाती पत्ते आठच आणि ते संपूर्ण डावासाठी. आठ प्रदेशांसाठी आठ पत्ते, म्हणजे हिशेब वरवर सरळ दिसतो. प्रत्यक्षात दोन-तीन प्रदेशांतच निम्मे पत्ते खर्च होतात आणि उरलेल्या ठिकाणी ‘पास’ म्हणत मुकाट्याने पाहावे लागते. प्रदेशात बरोबरी झाली तर तो कोणाच्याच हाती लागत नाही. असे वारंवार घडल्यास परकीय आक्रमण होऊन विजयाची अटच बदलते, आणि मागे पडलेला खेळाडू मुद्दाम तिकडे डाव वळवू शकतो. तीन तटस्थ गट पटावर असल्याने समोर एकच प्रतिस्पर्धी असूनही कोणाच्या पाठीशी उभे राहावे हा प्रश्न जिवंत राहतो. दोघांत तिसऱ्याची उणीव इतकी पूर्णपणे भरून काढणारा दुसरा खेळ मला मिळालेला नाही.

बुरुजातल्या त्या गुप्त निवडीची बरोबरी करणारा खेळ शोधायला अधिक वेळ लागला. १९६२च्या क्यूबा पेचप्रसंगावरचा ‘थर्टीन डेज’ त्या बाबतीत सर्वांत जवळचा आहे. दर फेरीत प्रत्येकाला तीन उद्दिष्टपत्ते मिळतात, त्या तिन्ही ठिकाणी आपला झेंडा लावून ती प्रतिस्पर्ध्याला दाखवावी लागतात आणि त्यातले खरे एकच गुपचूप निवडायचे असते. बर्लिन, तुर्कस्तान आणि इटली येथे झेंडे दिसत असताना तो इटलीत ठोकळे का वाढवतो आहे, हे ओळखताना कस लागतो. एकाच वेळी एकाहून जास्त ठोकळे टाकले की युद्धाचा धोका वाढतो आणि अणुयुद्धाचे खापर आपल्यावर फुटले तर डाव तिथेच हातचा जातो; त्यामुळे ती नुसती चढाओढ इथे नियमानेच रोखली जाते.

सध्या आम्ही अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या शीतयुद्धावरच्या ‘ट्वायलाइट स्ट्रगल’ या दोघांच्या खेळाची नियमपुस्तिका वाचत आहोत. त्यात देशावर ताबा मिळवायला नुसते एकाने जास्त असून भागत नाही. त्या देशाच्या स्थैर्याचा जो अंक असेल, तितकी आघाडी लागते. एक डाव दोन-तीन तास चालतो, म्हणून त्यासाठी पूर्ण मोकळी दुपार राखून ठेवायची असे ठरले आहे. सोव्हिएत बाजू नवऱ्याने आधीच मागून घेतली आहे.