वर्षातनं एकदा घ्यायची सुई

उसाची पहिली उचल खात्यावर जमा झाली, की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या दाताच्या दवाखान्यात जरा वेगळी गर्दी सुरू होते. वर्षभर दुखणं अंगावर काढलेली माणसं येतात. यातले पुरुष बहुतेक वेळा बायकोनं ढकलून आणलेले असतात. बायका मात्र एकट्या येतात, आणि पोराची फी, बँकेचा हप्ता सगळं भागवून उरलं तरच येतात.

म्हणूनच या मावशी लक्षात राहिल्या. करवीर तालुक्यातल्या, वय 66. गावाचं नाव सांगत नाही, सांगितलं तर लगेच ओळखतील. सोबत पुतण्या होता, पण बोलायचं काम मावशींचं. पदराच्या टोकाची गाठ सोडून त्यांनी खालची कवळी काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही ठिवा तुमच्याकडं. मला ते स्क्रूचं दात पायजेत. पैसं हायत, उसाचं आल्यात."

पायरियामुळं खालचे सगळे दात काढून सहा वर्षं झाली होती. वरची कवळी टाळूला घट्ट बसायची, तिची तक्रार नव्हती. खालच्या कवळीचं गणित मुळातच तोट्याचं असतं. टेकायला जागा वरच्यापेक्षा जवळपास निम्मी, त्यात मधोमध जीभ, ती दिवसभर कवळीला ढकलत असते. शिवाय दात गेले की ज्या हाडात ते रुतलेले असतात ते हाडही झिजत जातं, सगळ्यात जास्त पहिल्या वर्षात.

असल्या तोंडात खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात रुतणारे स्क्रू, बसवायचे आणि त्यांच्यावर कवळी अडकवायची, हा चांगला उपाय आहे. मावशींना मी ब्लाउजच्या टिचबटणाचं उदाहरण दिलं. एक भाग हाडात, दुसरा कवळीत, दाबलं की टिच्. त्यांना ते फारच आवडलं. "म्हंजे धुवायला काढताबी येतंय की!"

मग सगळ्या चाचण्या रीतसर केल्या. स्कॅनमध्ये पुढच्या बाजूला चौदा मिलिमीटर उंचीचं हाड, जाडीही पुरेशी. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस त्या जागेच्या मागंच बाहेर पडते, त्यामुळं ती भीती नाही. तीन महिन्यांची साखर 6.1. मिश्री सोडून चार वर्षं झालेली. फॉर्मवरचा 'सध्या कोणती औषधं सुरू आहेत?' हा प्रश्न आमच्या सिस्टरनी वाचून दाखवला. मावशी म्हणाल्या, बीपीची गोळी, सकाळी एक. बास.

बीपी बघताना त्यांच्या डाव्या मनगटाला माझा हात लागला होता. हाड जरा वाकडं जुळलेलं. मी काही विचारलं नाही. दाताच्या डॉक्टरला मनगटाशी काय करायचंय?

तारीख दिली. ट्रे लागला, हिरवी कापडं अंथरली, दोन इम्प्लांट पाकिटात तयार. मी भूल दिली आणि ओठ जड व्हायची वाट बघत बसलो. ही पाच-सात मिनिटं आमच्या धंद्यात गप्पांची असतात. पेशंट घाबरू नये म्हणून काहीबाही बोलत राहायचं. पाऊस, कारखान्याचा दर, पोरांची लग्नं.

मावशीच बोलायला लागल्या. "तुमची सुई बरी हाय. ती वर्साची सुई दिल्यावर दोन दिस ताप भरतोय मला."

"कुठली वर्षाची सुई?"

"हाडाची वो. सलाईनमधनं देत्यात. तीन झाल्या. आता दिवाळीच्या आधी घेतली की."

मी हातमोजे घातलेले हात तसेच वर धरून उभा राहिलो. सिस्टर माझ्याकडं बघायला लागल्या.

इथं थोडं मागं जायला हवं. स्वीडनचे संशोधक ब्रेनेमार्क यांनी 1952 च्या सुमारास सशाच्या हाडात टायटॅनियमचा एक भाग बसवला होता. हाडातला रक्तप्रवाह बघायचा होता त्यांना. काम झाल्यावर तो काढायला गेले तर निघेना, हाड त्याला धरून बसलेलं. तिथून पुढं 1965 मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. पण हाड धातूला धरतं ते काही गोंद लावल्यासारखं नव्हे. ड्रिलनं दुखावलेलं हाड आधी पाडावं लागतं आणि त्या जागी नवं बांधावं लागतं. शरीरात पाडकाम करणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधकाम करणाऱ्या वेगळ्या. हाडं ठिसूळ झालेल्या माणसाला वर्षातून एकदा देतात ती सुई या पाडकामवाल्यांना घरी बसवते. मांडीचं आणि मणक्याचं हाड वाचावं हा हेतू, आणि ते काम ती चोख करते. पण ते औषध हाडात मुरतं आणि वर्षानुवर्षं राहतं. अशा माणसाच्या जबड्याला मोठी जखम केली, तर क्वचित ती भरतच नाही. हाड उघडं पडतं, सडतं. मियामीचे जबड्याचे सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी असे पेशंट पहिल्यांदा 2003 मध्ये जगासमोर आणले.

हे सगळं मला पाठ होतं. मावशींना मात्र मी विचारलेलं नव्हतं. त्यांनी काही लपवलंही नव्हतं. त्यांच्या लेखी औषध म्हणजे रोज घ्यायची गोळी. वर्षातनं एकदा मारलेली सुई 'सुरू' कशी असेल? उत्तर बरोबर होतं, प्रश्न चुकला होता.

"मावशी, आज नको करूया."

"आं? मग ही सुई फुकट मारली व्हय?" जड ओठानं त्या म्हणाल्या. रागानं बोललेलं वाक्य तसल्या ओठातून आलं की हसू येतं, पण मी हसलो नाही.

पुतण्याच्या मोबाइलमध्ये जुन्या कागदाचा फोटो सापडला. झोलेड्रॉनिक ॲसिड. मी आधी मिलिग्रॅम शोधले. हेच औषध कॅन्सर हाडात पसरलेल्या पेशंटना 4 मिलिग्रॅम, पण दर तीन-चार आठवड्यांनी देतात. त्यांच्या जबड्यात इम्प्लांटचा विचारसुद्धा करायचा नसतो. कागदावर 5 मिलिग्रॅम, वर्षातून एकदा असं होतं. म्हणजे ठिसूळ हाडांसाठीच. जीव भांड्यात पडला. त्यांच्या हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला. तीन वर्षांपूर्वी न्हाणीत पडून मनगट मोडलं, तेव्हापासून ही सुई सुरू. ते स्पष्टच म्हणाले, "दातासाठी माझी सुई थांबवायची नाही. खुबा मोडला तर मग काय कराल?" बरोबरच होतं.

संध्याकाळी मिरजेच्या एका मित्राला विचारलं. त्याच्या हाताखालून माझ्यापेक्षा कितीतरी जास्त इम्प्लांट गेलेत. तो म्हणाला, "टाकून टाक. वर्षाच्या डोसला धोका फारच कमी असतो, कागदावर सही घे आणि कर." तोही चूक नव्हता. ठिसूळ हाडांसाठी घेणाऱ्यांत हा त्रास दहा हजारांत मोजक्याच लोकांना होतो. पण झाला तर त्याच्यावर सोपा इलाज नाही, आणि भोगायचं मावशींना.

आठवड्यानं त्या परत आल्या. दोन्ही बाजू सांगितल्या, धोका छोटा आहे हेही सांगितलं. "तुमची आई असती तर काय केलं असतं?" हा प्रश्न आलाच. मला तो आवडत नाही, कारण माझी आई माझं ऐकतच नाही. उत्तर टाळून मी तो प्रश्न विचारला, जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

"मावशी, दात कशाला पायजेत तुम्हाला? काय खायला जमत नाही?"

"खायाचं काय? भाकरी मी दुधात कुस्करून खातो. मटण शिजवून शिजवून लोणी करतो." मग पुतण्याला म्हणाल्या, "तू जरा भाईर बस."

तो गेल्यावर कळलं ते असं. मावशी ग्रामपंचायतीच्या सदस्य. गेल्या ग्रामसभेत नळाच्या पाइपलाइनचा हिशेब मागायला त्या उभ्या राहिल्या. आवाज चढवला तशी कवळी उचलली गेली आणि पार ओठापर्यंत आली. हातानं आत ढकलेपर्यंत मागं कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. हिशेब राहिला तो राहिलाच. "पुढची सभा 26 जानेवारीला हाय," त्या म्हणाल्या.

इम्प्लांट त्या दिवशी बसवले असते, तरी हाडानं धरायला तीनेक महिने गेले असते. सभा कधीच होऊन गेली असती.

मी त्यांची जुनी कवळी पहिल्यांदाच नीट हातात घेऊन बघितली. कडा आखूड. गालाच्या बाजूला हाडाचा जो सपाट ओटा असतो, ज्यावर खरा भार द्यायचा, तो भाग मोकळाच सोडलेला. जिभेच्या बाजूलाही तेच. आणि मी, एवढं शिकलेला माणूस, तिच्याकडं न बघता थेट स्कॅन काढायला पाठवलं. स्क्रू आधी दिसला, कवळी नंतर.

ठरलं ते मावशींनीच ठरवलं. आधी नवी कवळी, मग बघू. माप घेताना मी त्यांना गिळायला लावलं, ओठ पुढं काढायला लावले, जीभ इकडून तिकडं फिरवायला लावली. तोंड हलताना कडा कुठपर्यंत चालते हे असंच कळतं. याला वेळ लागतो, आणि दोन इम्प्लांटच्या मानानं मिळकत किरकोळ. खोटं कशाला बोला, तो आकडा माझ्याही डोक्यात आला होता. मेणातल्या ट्रायलला आम्ही एकसष्ट ते सत्तर आकडे म्हणायला लावतो, 'स' आणि 'ष्ट' नीट येतात का ते बघायला. मावशी पासष्टपर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"हे आकडं नगं. मी भाषणच म्हणून बघतो."

आणि खुर्चीत ताठ बसून सुरू झाल्या. सरपंच साहेब, सार्वजनिक नळाच्या पाइपलाइनचा खर्च सदस्यांना सांगितला पाहिजे. सगळे 'स' जागेवर. बाहेरच्या बाकावरचे दोन पेशंट आत डोकावले.

सभेच्या तिसऱ्या दिवशी त्या आल्या, जिभेखाली कवळी घासून फोड आला होता म्हणून. नवी कवळी असं करतेच. तिथली कड घासून दिली. सभेचं विचारलं तर म्हणाल्या, हिशेब अजून दिला नाही, पण पंधरा दिवसांत देतो असं लिहून घेतलंय. कवळी? "हालली जरा, पण पडली न्हाई."

फॉर्मवरचा प्रश्न मी बदललाय. औषधांच्या खाली आता वेगळी ओळ आहे. वर्षातून किंवा सहा महिन्यांतून एखादी सुई, सलाईन घेता का? हाड कधी मोडलं होतं का? सिस्टर ती ओळ वाचताना पेशंटच्या मनगटाकडं बघतात, ही त्यांनीच लावून घेतलेली सवय.

जाताना मावशी दारातून मागं फिरल्या.

"डॉक्टर, ते माझं दोन स्क्रू आणलं होतं न्हवं, ते कंपनीवालं परत घेत्यात का?"

म्हटलं, पाकीट फोडलेलं नाही, दुसऱ्या कुणाला तरी लागतील.

"मग लावा कुणाला तरी," त्या म्हणाल्या. "पर सुई घेतो का त्यो, ते इचारा आधी."