लायब्ररीचं नो ड्यूज आणि लेकीचा दाखला

लेकीच्या इंजिनिअरिंगसाठी सरकारी कॉलेज की खासगी, हे ठरवायला आम्हाला फार वेळ लागला नाही. ठरल्यावर खासगीतून सुटायला मात्र लागला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

गोष्ट २०२४ ची. खासगी विद्यापीठांचे प्रवेश मे महिन्यातच सुरू होते; सीईटीचा निकाल जूनमध्ये आला, आणि कॅप राउंडचं (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं) वाटप थेट ऑगस्टमध्ये. मधले तीन महिने हातात काहीच नाही, या भीतीवरच या लोकांचं दुकान चालतं. आम्हीही पुण्याजवळच्या एका नावाजलेल्या विद्यापीठात कॉम्प्युटरची जागा धरून ठेवली. फी वर्षाला चार लाखांच्या घरात, हॉस्टेल-मेस वेगळं. पहिला हप्ता भरला आणि त्यांनी मागितला म्हणून शाळा सोडल्याचा मूळ दाखलाही दिला.

८ जुलैला शासन निर्णय आला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास), ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पण प्रवेश कॅपमधून हवा, आणि खासगी व अभिमत विद्यापीठं त्यातून वगळलेली. आम्ही ओबीसी, उत्पन्न मर्यादेत. म्हणजे एकीकडे चार वर्षांचे सोळा लाख, दुसरीकडे हॉस्टेल, मेस आणि किरकोळ शुल्कं. कॅपमध्ये कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय लागलं, इलेक्ट्रिकलला. "कॉम्प्युटर सोडून इलेक्ट्रिकल?" असं विचारणाऱ्या नातेवाइकांना लेकीनेच उत्तर दिलं, "कर्ज काढून शिकले तर मिळेल ती पहिली नोकरी धरावी लागेल." विषय संपला.

कराडला रिपोर्टिंगसाठी, म्हणजे हजर राहून प्रवेश पक्का करायला, मूळ दाखला हवा होता, आणि तो पुण्याच्या त्या विद्यापीठाच्या कपाटात.

तिथल्या प्रवेश खिडकीवरच्या मॅडम म्हणाल्या, "सर, आधी कॅन्सलेशन फॉर्म, त्यावर विभागप्रमुखांची सही, मग नो ड्यूज (काही येणं बाकी नाही असा फॉर्म), मग अकाउंट्स, मग दाखला." विभागप्रमुख मीटिंगमध्ये. नो ड्यूजवर लायब्ररी, लॅब, हॉस्टेल, जिमखाना असे रकाने. वर्ग सुरू झाले नव्हते, पोरीने लायब्ररीचं दारही पाहिलं नव्हतं. लायब्ररीवाल्याने कार्ड मागितलं. कार्ड दिलंच नाही म्हटल्यावर "मग कार्ड जमा नाही असं लिहावं लागेल" म्हणाला, आणि खरंच लिहिलं! त्या शेऱ्यामुळे अकाउंट्सने फाईल परत पाठवली. हॉस्टेलचे रेक्टर रजेवर. प्रत्येक जण अतिशय नम्र, पाणी विचारणारा, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच: सिस्टिम आहे सर. मध्येच एका समुपदेशकाने लेकीला बाजूला बसवून प्लेसमेंटचं ब्रोशर दाखवलं. इकडे कराडच्या रिपोर्टिंगची मुदत संपत आलेली.

शेवटी बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, परिपत्रक छापून घेतलं. त्यात स्पष्ट आहे: मूळ कागदपत्रं संस्थेने पडताळून लगेच परत द्यायची, अडकवून ठेवायची नाहीत. आणि २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत. साध्या कागदावर दोन प्रतींत अर्ज लिहिला, परिपत्रक जोडलं, कुलसचिवांच्या कार्यालयात दिला आणि पोच म्हणून शिक्का व आवक क्रमांक (अर्ज नोंदवल्याचा नंबर) मागितला. क्रमांक मागताच आवाज बदलले. दुपारच्या जेवणानंतर दाखला हातात आला. लायब्ररीचा शेरा तसाच होता, कोणी विचारलंही नाही.

म्हणून तोंडी भांडू नका, आवक क्रमांक घ्या. फोनवर "होऊन जाईल" म्हणणाऱ्याला तेच ईमेलवर लिहून मागा. आणि खासगीत जागा धरायची असेल तर खुशाल धरा, पण मूळ दाखल्याऐवजी साक्षांकित प्रत देऊन बघा. मूळ मागितलाच तर जमा केल्याची पावती घ्या.

फी दिवाळीच्या सुमारास आली, पण "हॉस्टेल नोंदणी" म्हणून एक रक्कम कापून. त्याची तक्रार यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर टाकली.

कराडला रिपोर्टिंग अर्ध्या तासात झालं.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: ओबीसी सवलतीसाठी नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र चालू आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलंच लागतं. ते नसेल तर अर्ज खुल्या गटात जातो आणि फीमाफीचं सगळं गणित कोसळतं. तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला, मग तहसील, मग प्रांत अशी साखळी असते. जूनमध्ये सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते, एप्रिलमध्येच अर्ज टाका.